बाराव्या होलचे सात फटके

१ मार्च, रविवार

ही वही लेकीने दिली. "बाबा, कुणाशी बोलत नाही ना तुम्ही, मग निदान लिहा तरी," असं म्हणून जानेवारीत पाठवली. दोन महिने ती टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली होती आणि तिथे तिचा चांगला उपयोग होत होता. आज काढली. टेबल पुन्हा डुगडुगतंय.

काढायचं कारण म्हणजे गोल्फ क्लबचं पत्र आलं. नवा मोसम एकवीस मार्चला सुरू. पहिल्या दिवशीची स्पर्धा नेहमीप्रमाणे जोड्यांची, नावं पंधरा तारखेपर्यंत द्यावीत. "सहर्ष कळवण्यात येते" असं वर लिहिलंय. हर्ष कुणाला झाला ते लिहिलेलं नाही.

बावीस वर्षं आमची जोडी ठरलेली होती, मी आणि डॉक्टर. डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर. मी जन्मभर जमिनीच्या मोजण्या केल्या, म्हणून त्याने माझं नाव 'टेप' ठेवलं आणि मग सगळ्या क्लबाने उचललं. दर शनिवारी सकाळी सात चाळीसला आम्ही पहिल्या होलवरून निघायचो. माझी ही वारली त्या आठवड्यातल्या शनिवारीसुद्धा तो सात वीसला दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "खेळू नकोस, नुसता चाल." मी चाललो.

आता या वर्षी जोडी नाही. का नाही ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यात तेच तेच फिरायचं थांबेल.

गोल्फमध्ये आपला आकडा आपण लिहायचा नसतो. माझं कार्ड जोडीदाराने लिहायचं, त्याचं मी. खेळ संपला की दोघांच्या सह्या. लिहिणाऱ्याची सही नसेल तर ते कार्ड कार्डच नाही. मैदानावर पंच नसतो, सगळा कारभार एकमेकांच्या डोळ्यांवर आणि जिभेवर चालतो. म्हणून तर मला हा खेळ आवडला.

गेल्या ऑक्टोबरात मोसमाची शेवटची स्पर्धा होती. बारावा होल, भिंतीच्या कडेचा, पुढ्यात वाळूचा मोठा खड्डा. डॉक्टरचा पहिला फटका थेट वाळूत. दुसरा वाळूतच, तिसराही वाळूतच. चौथ्याला चेंडू बाहेर पडला आणि पार पलीकडे गेला. पाचव्याने हिरवळीवर, सहावा होलच्या काठाशी, सातवा आत. मी दहा पावलांवर उभा होतो. मी विचारलं, "किती?" तो म्हणाला, "पाच."

मला वाटलं, थट्टा करतोय. मी सात लिहिले. अठरा होल झाल्यावर कार्ड बघून म्हणाला, "टेप, बाराव्याला पाच होते." मी म्हटलं, सात. तो म्हणाला, पाच. कमिटीच्या खोलीत सगळे चहा पीत होते. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, मिटवा आपसात. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मी खोट्यावर सही करत नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. मग बूटही न बदलता गाडीकडे गेला. त्याचं कार्ड बाद झालं.

पाच महिने झाले. त्याचा फोन नाही, माझा नाही. मला माफीबिफी नको आहे. "चुकलं" एवढा एक शब्द म्हणावा, संपलं. पण पडलो तरी नाक वर.

त्याचं म्हणतोय मी.

४ मार्च, बुधवार

मैदान अजून बंद आहे, पण सरावाची पट्टी उघडलीय म्हणून गेलो. चाळीस चेंडू मारले, त्यातले चार बरे गेले. पाच महिन्यांत काठीची मूठ हाताला परकी झालीय. पट्टी जरा उताराची असावी असंही वाटलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

माळीबुवा गवत कापायच्या यंत्रावरून उतरून आले. "एकटेच, साहेब?" हा प्रश्न मला हल्ली दुकानदारापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारतात. म्हटलं, "दिसतंय ना."

मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब पण आले होते काल. एकटेच. सातव्या होलवर उभे होते बराच वेळ. मी म्हटलं, साहेब, मैदान बंद आहे. तर मला म्हणाले, गाड्या कुठे लावतात हो इथे?"

म्हणजे बंद मैदानावर चोरून सराव चाललाय! आणि वर माळीबुवांची टिंगल. बावीस वर्षं जिथे गाडी लावली ती जागा याला माहीत नाही होय. या वर्षी चषकावर डोळा आहे त्याचा, दुसरं काय.

घरी आलो, दोन अंडी उकडली, एक खाल्लं.

८ मार्च, रविवार

लेकीचा फोन. जेवलात का? हो. काय? भाजी-भात. (पाव आणि कालचं अंडं.) फिरायला जाता का? हो. कुणाबरोबर?

इथे मी अडकलो. ती लगेच म्हणाली, "बाबा, डॉक्टरकाकांना एक फोन करा ना."

"त्याने करावा."

"एका हाताने टाळी वाजत नाही, बाबा."

"सात फटके होते."

"अहो, सत्तर असले तरी काय फरक पडतो आता!"

"मला पडतो," मी म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा." हे तिच्या आईचं वाक्य. आवाजसुद्धा तोच काढला तिने. फोन ठेवल्यावर मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन आलो.

खरं सांगायचं तर मला डॉक्टरची आठवण येते. शनिवारी तर फार. सात वीसला जाग असते, बूट दिसतात, दाराची बेल वाजत नाही. हे लेकीला सांगितलं तर ती लगेच गाडी पकडून येईल आणि मला तिच्याकडे घेऊन जाईल, म्हणून सांगत नाही.

१० मार्च, मंगळवार

उजवी दाढ रात्रभर ठणकली. या गावात मी बावीस वर्षं एकाच माणसापुढे तोंड उघडलंय. सकाळी आरशासमोर ठरवलं की आपण पेशंट म्हणून जायचं, एक शब्द जास्त बोलायचा नाही. आ करून पडलेल्या माणसाला तसंही बोलता येत नाही.

दवाखान्यात डॉक्टर नव्हताच. त्याच्या हाताखाली काम करायची ती डॉक्टरीण होती. म्हणाली, "सरांनी डिसेंबरातच थांबवलं ना. आता मीच बघते."

डिसेंबरात! पस्तीस वर्षांचा दवाखाना सोडला आणि मला एका शब्दाने कळवलं नाही.

तिने खुर्ची मागे केली. वर छताला तो जुना फोटो अजून चिकटवलेला आहे. पेशंटला बघायला काहीतरी छान हवं म्हणून डॉक्टरने आमच्या मैदानाचा फोटो मोठा करून लावला होता. बाराव्या होलचाच आहे. कोपऱ्यात एक माणूस पाठमोरा, पावलं मोजत चाललाय. तो मी. ती म्हणाली, "सरांनी बजावलंय, काहीही बदल, पण हा फोटो काढायचा नाही." मला वाटतं, काढला तर छताचा रंग निघेल म्हणून असेल.

काम झाल्यावर हातमोजे काढता काढता ती म्हणाली, "फार प्रामाणिक माणूस हो. त्या एका पेशंटचं झालं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून किल्ल्या माझ्या हातात दिल्या. दुसरा कुणी असता तर रेटत राहिला असता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण तुम्हाला सगळं माहीतच असेल. तुम्ही त्यांचे एवढे मित्र."

मी म्हणालो, "हो, माहीत आहे."

काय माहीत आहे? काहीच नाही. पण बावीस वर्षांचा मित्र आणि एक गोष्ट माहीत नाही, हे त्या मुलीसमोर कबूल करायची लाज वाटली. अर्धं तोंड बधिर होतं, म्हणून चेहऱ्यावर काही दिसलं नसावं. प्रामाणिक म्हणे. वाळूत दोन फटके गिळणारा.

१३ मार्च, शुक्रवार

किराणा दुकानात वहिनी भेटल्या, डॉक्टरची बायको. वाळल्यासारख्या वाटल्या. मी दुसऱ्या रांगेत वळणार तेवढ्यात त्यांनी गाठलं.

"भाऊजी, या वर्षी दोघांची नावं देणार ना तुम्ही?"

"त्याने विचारायला सांगितलंय का?"

"ते रोज विचारतात. टेप कधी येणार, टेप कधी येणार. जीव नकोसा करतात अगदी."

"मग त्याला म्हणावं, स्वतः येऊन बोल. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, वहिनी."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "त्यांच्या तोंडून..." म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, जरा बाहेर येता का? इथे नको, पण मला तुम्हाला..."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्याशी माझं काही भांडण नाही." आणि साबण घ्यायला निघून गेलो. साबण घरात सहा पडलेत.

डॉक्टर दाराशी ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा होता. मला पाहिलं आणि हात केला. साधा नाही, अगदी वर करून, तोंडभर हसून, जणू काही झालंच नाही. याला म्हणतात निर्लज्जपणा. मी मान फिरवली. आमच्या मधल्या माणसाला तो हात आपल्यालाच वाटला, तो उगाचच हसून गेला.

१५ मार्च, रविवार

नाव द्यायचा शेवटचा दिवस. क्लबात गेलो. सेक्रेटरी बाई रंगवलेल्या पाट्या वाळत घालत होत्या. मी म्हटलं, माझं एकट्याचं नाव लिहा.

"एकट्याचं कसं लिहू? जोड्यांची स्पर्धा आहे. फार तर सगळे गेल्यावर शेवटी जाता येईल, नऊ पन्नासला. पण कार्ड धरणार नाही आम्ही. लिहिणार कोण तुमचं?"

मला नियम माहीत आहेत. एकट्या खेळाडूला मैदानावर काही मान नाही. मागून जोडी आली की त्याने बाजूला व्हायचं आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचं. हा नियम मी नव्या लोकांना स्वतः समजावून सांगायचो, जरा हसत.

"पण तुमचं नाव तर आलंय की," बाई म्हणाल्या. "डॉक्टर देऊन गेले. सोमवारी एकदा, बुधवारी एकदा, आणि काल परत. मी म्हटलं, एक पुरे. तर म्हणाले, हो का, मग ठेवा."

तीन फॉर्म काढून दाखवले. त्याचंच अक्षर. तिन्हीवर 'जोडीदार' या जागी 'टेप'. एकावर माझा पत्ता जुन्या घराचा, जे सोडून मला नऊ वर्षं झाली. दुसऱ्यावर साल भलतंच. हा माणूस पहिल्यापासून उतावळा, फॉर्म भरतानासुद्धा धड बघणार नाही. आणि तीन-तीन फॉर्म कशाला? म्हणजे क्लबात बोभाटा व्हावा, की बघा, मी बोलावतोय आणि टेपच अडून बसलाय.

मी बाईंचं पेन घेतलं आणि तिन्हीवरचं माझं नाव खोडलं. नीट, पट्टीने ओढल्यासारखी रेघ. "जोडीदार नाही म्हणजे त्याचंही नाव जाणार," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "जाऊ दे."

परत येताना वाटलं होतं, बरं वाटेल. घरापर्यंत थोडं वाटलंही. कुलूप काढून आत आलो, तोवर संपलं.

१९ मार्च, गुरुवार

बूट पॉलिश केले, काठ्या पुसल्या. पिशवीच्या बाजूच्या खिशात गेल्या ऑक्टोबरचं ते सही नसलेलं कार्ड सापडलं. बाराव्या रकान्यात माझा सात. पुन्हा मोजून पाहिलं, वाळूत तीन, म्हणजे जायचा एक आणि आतले दोन, मग पलीकडे, मग हिरवळ, मग दोन. सातच. मी चुकलेलो नाही. मी बरोबर आहे हे मला इतक्या वेळा का मोजावं लागतं, कळत नाही.

२१ मार्च, शनिवार

आज पुष्कळ लिहायचंय. चहा घेऊन बसलो होतो, तो निवला.

माझी वेळ नऊ पन्नासची, पण पाय सवयीने साडेसातलाच क्लबात घेऊन गेले. गवतावर दव होतं, सगळे झेंडे नवे लावलेले. अध्यक्षांनी मोसमाचा पहिला फटका मारला, तो कुंपणात गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दरवर्षी असंच होतं. मी व्हरांड्याच्या खांबाशी उभा राहिलो. लोक दोघा-दोघांनी येत होते. "काय टेप, कसं काय?" म्हणत आणि पुढे जात.

सात चाळीसला सेक्रेटरी बाईंनी एका बांधकामवाल्याची आणि त्याच्या मेव्हण्याची जोडी पुकारली. ते जागेवर जाईपर्यंत डॉक्टर तिथे पोचला होता. स्वच्छ पांढरा शर्ट, नेहमीची हिरवी टोपी. त्याने चेंडू ठेवला.

बांधकामवाला म्हणाला, "डॉक्टर, आमचा नंबर आहे."

डॉक्टरने घड्याळ दाखवलं. "सात चाळीस. आमची वेळ आहे."

"अहो, पण यादीत तुमचं नावच नाही."

कुणीतरी मागे हसलं. डॉक्टरने यादीकडे पाहिलं, मग लोकांकडे, मग व्हरांड्याकडे. मी दिसलो तसा त्याचा जीव भांड्यात पडला. हाक मारून म्हणाला, "टेप! कुठे होतास रे हिवाळाभर? सांग ना यांना."

मी तो चेहरा पाहिला. ऑक्टोबरात कमिटीच्या खोलीत माझ्याकडे बघत राहिला होता, तोच. तेव्हा मला वाटलं होतं, चोरी पकडली गेल्याचा चेहरा आहे. आज उजेडात दहा पावलांवरून दिसला. तो घाबरलेल्या माणसाचा चेहरा होता. आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना काहीतरी माहीत आहे, आणि ते काय हे विचारायचीही सोय नाही, असा. तेव्हाही तो तसाच होता. मी दहा पावलांवरच होतो आणि फटके मोजत होतो.

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "त्याचं नाव यादीत होतं. मी खोडलं. चूक माझी आहे."

डॉक्टर म्हणाला, "नाव कशाला खोडलंस, गाढवा?" आणि हसला. सेक्रेटरी बाई पुढे होऊन म्हणाल्या, "दोघं सगळ्यांच्या मागून जा. नऊ पन्नास. स्पर्धेत नाही धरता येणार, पण खेळा."

तो सरावाच्या हिरवळीवर चेंडू ढकलत बसला. वहिनी गाडीपाशी उभ्या होत्या. मी गेलो आणि नुसताच उभा राहिलो. त्यांनीच सांगितलं.

ऑक्टोबरात त्या दिवशी तो घरी आला आणि बूट घालूनच पलंगावर बसला. म्हणाला, "पाच की सात, मला खरंच आठवत नाही गं. टेप सात म्हणतोय म्हणजे सातच असणार. पण तो मला खोटारडा का म्हणाला?" रात्रभर तेच. वहिनींना आधीपासून थोडी शंका होती, त्या दिवशी खात्री पटली. पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. डिसेंबरात त्याने एका पेशंटची भलत्याच बाजूची दाढ बधिर केली, वेळीच लक्षात आलं, पण दुसऱ्या दिवशी दवाखाना सोडला.

"मला का नाही कळवलंत, वहिनी?"

"त्यांनीच शपथ घातली होती. म्हणाले, टेपला कळवू नका, त्याला वाटेल मी सबब सांगतोय. आणि मग जानेवारीपासून ते सगळंच विसरले, भाऊजी. तुमचं भांडण झालं होतं हेच विसरले. तुम्ही येत का नाही, एवढंच विचारायचे. आता बास म्हटलं आणि दुकानात तुम्हाला सांगायला आले."

दुकानात. मी साबण आणायला गेलो तेव्हा.

एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. जानेवारीपासून मी एका हातानेच वाजवत होतो.

नऊ पन्नासला निघालो. त्याचा पहिला फटका असा सरळ आणि लांब गेला की माळीबुवांनी यंत्र थांबवून पाहिलं. हाताला सगळं आठवतंय. डोकं मात्र प्रत्येक होलला विचारत होतं, "किती झाले रे?" मी सांगायचो. दुसऱ्या होलनंतर मी प्रत्येक फटक्यालाच मोठ्याने आकडा म्हणू लागलो, म्हणजे त्याला विचारावं लागू नये. मागे कुणी नव्हतं, पुढचे केव्हाच गेले होते. सगळं मैदान आमचंच. तो मध्येच एकदा म्हणाला, "वहिनी कशा आहेत?" म्हणजे माझी ही. मी म्हटलं, "बऱ्या आहेत." मोसमातलं माझं पहिलं खोटं. त्यावर सही करायला मला काही वाटलं नाही.

बारावा आला. त्याचा चेंडू वाळूत गेला. तिथून निघता निघेना. मी आकडे म्हणायचं विसरलो, नुसता बघत उभा राहिलो. शेवटी चेंडू होलमध्ये पडल्यावर तो माझ्याकडे वळला.

"पाच ना?"

पाच म्हणणं किती सोपं होतं. स्पर्धा नव्हती, चषक नव्हता, बघणारं कुणी नव्हतं. पाच म्हटलं असतं तर तो खूश झाला असता आणि माझं ओझं उतरलं असतं. पेन्सिल हातात होती.

"नऊ," मी म्हणालो.

"खरंच?"

"खरंच. वाळूतच चार गेले."

तो हसायला लागला. टोपी काढून डोकं पुसलं. "नऊ! बरं झालं, तू आहेस. हल्ली मी काहीही म्हणालो की सगळे हो म्हणतात, टेप. घरी, दारी, सगळे. हो, हो, हो. मला कळतं रे ते. तू एकटाच खरं सांगतोस."

तेव्हा मला रडू आलं. मी पाठ फिरवून पावलं मोजायचं नाटक केलं. त्या छतावरच्या फोटोत आहे तसा. मग वळलो आणि म्हणालो, "डॉक्टर, ऑक्टोबरात मी तुला जे बोललो ते चुकलं माझं. आकडा बरोबर होता, पण ते बोलायला नको होतं."

"काय बोललास?"

मी खाली बघून कार्डावर नऊ लिहिले. सांगितलं असतं तर त्याला ते इथे, याच वाळूशेजारी, पहिल्यांदा ऐकू आलं असतं.

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं, जा, माफ केलं. चल, तेरावा कुठल्या बाजूला?"

अठरा झाल्यावर व्हरांड्यात बसून मी त्याच्या कार्डावर सही केली. त्याला म्हटलं, आकडे बघून घे. त्याने न बघताच सही केली.

२२ मार्च, रविवार

लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माफी मागितलीत. त्यांनी माफ केलं. झालं ना मग?"

झालं का? मला माफी मिळाली ती बुटाची नाडी चुकीची बांधली तर मिळते तशी. ज्याला मी बोललो तो माणूस दोन महिन्यांपूर्वीच निघून गेला, आणि माझं बोलणं घेऊन गेला. त्याला ते किती लागलं होतं हे आता फक्त मी आणि वहिनींनीच पाहिलेलं आहे. माझ्या मागे वहिनी, वहिनींच्या मागे ही वही. आणि वहीत मी माझाच आकडा स्वतः लिहिलाय, जोडीदाराची सही नाही.

ऑक्टोबरचं ते जुनं कार्ड फाडणार होतो. नाही फाडलं. वहीत ठेवलंय.

दुपारी डॉक्टरचा फोन आला. "टेप, शनिवारी खेळायचं ना?" मी म्हटलं, हो, सात चाळीस. चारला परत आला. "टेप, अरे शनिवारचं काय?" मी म्हटलं, हो, सात चाळीस. आत्ता, हे लिहिता लिहिता तिसऱ्यांदा वाजला. त्याचा आवाज अगदी नवा, खूप दिवसांनी फोन केल्यासारखा. "टेप! किती दिवसांत भेट नाही रे. शनिवारी येतोस का?"

मीही खूप दिवसांनी फोन आल्यासारखा बोललो. म्हटलं, "अरे, येतो की. सात वीसला तुझ्या दारात उभा असेन."